एक साक्षीदार कमी पडला

नमस्कार मित्रांनो! लुंगवारच्या चर्चमध्ये शिरलात की समोर, पाळकांच्या मंचाच्या डाव्या अंगाला, लाकडी घोडीवर जो पोटाळ गडी आडवा पडलेला दिसतो, तो मी. या गावचा जुना ढोल. माझं अंग एका अख्ख्या ओंडक्याचं आहे, कुठेही जोड नाही. आता बुडाशी थोडी वाळवी लागली आहे, पण आवाजाला अजून काही झालेलं नाही. मी घुमलो की अख्खी मिझो टेकडी गायला लागते, असं लोक म्हणतात. लोक जरा वाढवूनच बोलतात म्हणा, पण ऐकायला बरं वाटतं.

माझा जन्म इथला नाही. इथून तीन डोंगर पलीकडे थिंगसेन नावाचं गाव होतं. होतं म्हणतो, कारण आता तिथे बांबूचं रान आहे. त्या गावात कुंगा नावाचा एक हसरा तरुण राहायचा. त्यानं झाड निवडलं, ते पोखरलं, आणि दोन्ही तोंडांना चामडं ताणून वेताच्या पट्ट्यांनी मला आवळलं. माझ्या आजोबांच्या पिढीला चर्चच्या दारातसुद्धा उभं करत नसत. ढोल म्हणजे दारू नि धांगडधिंगा, असं तेव्हाच्या उपदेशकांना वाटायचं. पुढे ते भांडण मिटलं. मी जन्मलो तो थेट चर्चसाठीच.

माझा तिथला पहिलाच रविवार मला लख्ख आठवतो. त्या दिवशी कुंगाचा आणि त्याच्या नव्या नवरीचा, दारथुआमीचा, बाप्तिस्मा होता. दोघं माझ्या अगदी पुढ्यात, शेजारी शेजारी उभे राहिले. उपदेशकानं तिचं पूर्ण नाव घेतलं आणि डोक्यावर पाणी घातलं. तिच्या केसांतून एक थेंब ओघळला आणि टप्पकन माझ्या कोऱ्या चामड्यावर पडला. कुंगाला हसू आवरेना. पाण्याचा डाग कोऱ्या चामड्यावरून जात नाही. नव्या ढोलाचं असं झालं म्हणून मी रागावलो होतो. केवढा मूर्ख होतो मी!

दोन हिवाळ्यांनी कुंगा तापानं गेला. त्याच्या मागोमाग ते धामधुमीचं वर्ष आलं. डोंगरावरची लहान गावं मोडायची आणि सगळ्यांनी रस्त्याकाठच्या मोठ्या गावांत जाऊन राहायचं, असा लष्कराचा हुकूम निघाला. एका दिवसात थिंगसेन रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी ते जळत होतं. उपदेशकाच्या घराबरोबर सभासदांची वहीही जळाली. लोकांना एका दिशेला पाठवलं, पण थुआमीची बहीण लुंगवारला होती, म्हणून ती एकटीच इकडे निघाली. कपाळाला पट्टा लावून पाठीवर न्यायची टोपली एकच होती. तिच्यात तांदळाचं पोतं तरी मावलं असतं, नाहीतर मी. तिनं निम्मा तांदूळ पदरात बांधला, निम्मा घरात टाकला आणि मला उचललं. तीन डोंगर चढून उतरली. तिच्या पाठीचा घाम माझ्या अंगात मुरला आहे.

लुंगवारला पोचल्यावर पहिल्या रविवारी ती मला घेऊन चर्चमध्ये आली. उपा ल्यांखूमा दारातच उभे होते. मंडळीच्या ज्येष्ठांना आमच्याकडे उपा म्हणतात. माणूस वाईट नव्हता, पण सरळ रेघेसारखा होता. त्यांनी मला बोटानं वाजवून बघितलं.

"आवाज गोड आहे हं याचा! कुठला?"

"थिंगसेनचा. माझ्या नवऱ्यानं केलेला."

"आण, आण आत."

त्यांनी लगेच मालमत्तेच्या वहीत लिहिलं : ढोल एक, थिंगसेनहून आलेला. झालं. मी लुंगवारच्या चर्चचा झालो. मग त्यांनी दुसरी वही उघडली.

"आणि तू? दाखला आणलास का जुन्या मंडळीचा?"

"जळाला, उपा. वही, चर्च, सगळंच जळालं."

"अगं, मग नाव कसं लिहू? दाखल्याशिवाय कुणाचंच लिहीत नाही आपण. तू असं कर, नव्यानं वर्गाला बस. सहा महिन्यांत बाप्तिस्मा घे, की झालीस सभासद."

"घेतलाय मी एकदा."

"माझं कुठे नाही म्हणणं? पण कागद नको का?"

तिनं मान हलवली. वर्गाला काही ती बसली नाही. उपांनी वही मिटली. मी आत आणि ती मागच्या बाकावर, अशी आमची त्या दिवशी वाटणी झाली. मला वाटलं, आठवडाभरात होईल काहीतरी.

मित्रांनो, त्याला पन्नास वर्षं झाली.

या पन्नास वर्षांत तिनं काय केलं नाही ते विचारा! आमच्या घराघरांत भात टाकताना आधी एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. पदरातला निम्मा तांदूळ पुरवून खायचे दिवस होते, तेव्हाही थुआमीनं पहिल्या दिवसापासून ती मूठ काढली. पुढे दर आठवड्याला घरोघरी फिरून मुठीचा तांदूळ गोळा करायचं कामही तिच्याकडेच आलं. रविवारच्या शाळेत तिनं तीन पिढ्यांना अक्षरं शिकवली. कुणाकडे मयत झाली की चहाचं आधण पहिलं तिच्या हातचं चढायचं. हळूहळू सगळं गाव तिला पी थुआमी म्हणू लागलं. पी म्हणजे आजी. नाव वहीत नाही, हे उपा ल्यांखूमांना माहीत होतं. ते वारले, आणि मग कुणालाच माहीत राहिलं नाही.

मला मात्र माहीत होतं. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं नि प्याल्यांचं ताट बाकाबाकावरून हातोहात फिरतं. वहीत नाव असलेल्यांनीच त्यातलं घ्यायचं. मागच्या बाकावर पी थुआमी ते डावीकडून घ्यायची आणि उजवीकडच्याला द्यायची. घ्यायची आणि द्यायची. शेजारच्याला वाटायचं, हिनं आधीच घेतलं असेल. इतकी वर्षं तो प्याला तिच्या हातातून गेला, ओठाला एकदाही लागला नाही. मी समोरून बघायचो. बघण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

मध्ये एका पावसाळ्यात माझं चामडं फाटलं. नवं चढवलं. जुनं उकिरड्यावर गेलं, आणि त्याबरोबर तो डागही गेला. त्या दिवशी गावानं माझं कौतुक केलं, नव्यासारखा दिसतो म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग यंदा चर्चच्या इमारतीला पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षांच्या सभासदांना समारंभात पुआन, म्हणजे आमचं विणलेलं वस्त्र, पांघरायचं ठरलं. यादी करायचं काम मंडळीचा चिटणीस रेमसांगा याच्याकडे आलं. हा थुआमीचाच विद्यार्थी, आता स्वतःच उपा झालेला. त्यानं वही न उघडताच पहिलं नाव तिचं लिहिलं. नंतर सभासद क्रमांक घालायला वही उघडली, आणि माझ्याशेजारच्या बाकावर बसून तो पानं उलटत राहिला. पुढून मागे उलटली, मागून पुढे उलटली. शेवटी तो तिच्याकडे गेला. ती मंचाजवळची फुलं बदलत होती.

"पी, तुमचं नाव सापडत नाहीये."

"असेल कसं? नाहीच आहे ते."

"काय? मग आजवर बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुणी विचारलंत का?" ती हसली. "मुठीचा तांदूळ घेताना कुणी वही बघत नाही रे."

रेमसांगाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "पी, ऐका माझं. नावापुरतं वर्गाला बसा. परीक्षा मीच घेईन. तीन प्रश्न विचारीन, बस्स."

"अरे, त्यांची उत्तरं तुला मीच शिकवली! आणि तू मला नापास केलंस म्हणजे?"

"पी, थट्टा नको ना."

तेव्हा तिनं फुलं खाली ठेवली. "त्या दिवशी माझ्या शेजारी कुंगा उभा होता. पाण्याचा थेंब ढोलावर पडला, तर केवढा हसला होता! आता मी दुसऱ्यांदा पाणी घेतलं, तर पहिलं खोटं होतं असं होईल. मग तो कुणाशेजारी उभा होता म्हणायचं? ते नाही जमायचं मला. पण बाबा, तो प्याला एकदा घ्यावासा वाटतो. हे मी कुणाला बोलले नव्हते."

कार्यकारिणी बसली. सगळेच तिचे विद्यार्थी, कुणालाच नाही म्हणवत नव्हतं. पण वरच्या सभेचा नियम होता : दाखला नसेल, तर बाप्तिस्मा डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार हवेत. रेमसांगा बसनं हिंडला. थिंगसेनची माणसं चार गावांत विखुरलेली. दूरच्या एका गावात पू चाल्लियाना नावाचे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आजोबा सापडले. त्यांना तो रविवार आठवत होता, कुंगाचं हसणंसुद्धा आठवत होतं. त्यांनी सही दिली. दुसऱ्या एक आजी होत्या, पण त्यांना आता स्वतःची मुलंही ओळखू येत नाहीत. बाकी कुणी उरलंच नव्हतं.

"एक साक्षीदार कमी पडतोय," रेमसांगा बैठकीत म्हणाला. "एकच!"

मित्रांनो, बैठक माझ्यापासून तीन हातांवर चालली होती. एक जण तर माझ्यावर कोपर टेकून बसला होता! अरे, मी होतो ना तिथे! तिचं नाव मी कानांनी ऐकलं, तिच्या केसांतलं पाणी माझ्या अंगावर पडलं. मी आतल्या आत ओरडलो, जीव तोडून ओरडलो. पण ढोल स्वतःहून वाजत नाही. कार्यकारिणीनं सुस्कारा सोडला, 'विचाराधीन' असं लिहिलं आणि चहा मागवला. त्याच महिन्यात थंडीनं पू चाल्लियाना गेले. मग कागदावर एक सही राहिली आणि ती देणारा माणूसही राहिला नाही.

समारंभाचा दिवस उजाडला. अकरा जणांना पुआन पांघरलं. नवे पाळक मोठ्या प्रेमळ स्वभावाचे आहेत. त्यांना कुणी तरी माझी मालमत्तेच्या वहीतली नोंद दाखवली होती. त्यांनी उरलेलं बारावं पुआन हातात घेतलं आणि हसत म्हणाले, "आणि हा आपला सगळ्यात जुना सभासद! पन्नास वर्षांत याची एकही गैरहजेरी नाही!" असं म्हणून त्यांनी ते माझ्यावर पांघरलं. चर्चभर हशा पिकला, टाळ्या झाल्या. रेमसांगानं तेवढी मान खाली घातली.

मागच्या बाकावर पी थुआमीही टाळ्या वाजवत होती. खोट्या नाहीत, अगदी मनापासून.

त्यानंतर ताट फिरलं. तिनं ते डावीकडून घेतलं आणि उजवीकडे दिलं. आता ताट तिला जड होतं. प्याले किणकिणले.

सगळे जेवायला गेल्यावर ती फडकं घेऊन आली. तिनं माझ्या अंगावरचं पुआन नीट घडी करून ठेवलं आणि नेहमीसारखं मला पुसलं. मग तळवा माझ्या चामड्यावर ठेवून म्हणाली, "बरं झालं, तुला कुणी काही विचारलं नाही. तुला कुठे सांगता आलं असतं!" आणि तांदळाची टोपली उचलून ती निघून गेली.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, मंडळात, देवळात एखादी वही असेल. ती जपा, वाळवीपासून सांभाळा, तिच्यातलं एकही नाव पुसू देऊ नका. पण एवढं माझ्यासाठी करा : कधी तरी ती मिटून मागच्या बाकाकडे बघा. तिथे कोण बसलं आहे ते विचारा. आणि ज्यांनी पाहिलं आहे ते बोलते असतील, तोवर विचारा.

मला येत्या रविवारी पुन्हा वाजवतील. कापड गुंडाळलेली काठी माझ्यावर पडेल आणि मी माझ्या परीनं साक्ष देईन, अगदी पोटापासून देईन. लोकांना वाटेल गाणं सुरू झालं, आणि ते उभे राहून गायला लागतील. मागच्या बाकावरून तीही गाईल.