शर्तीचा पूल

आमच्या गावचा धुळा दवंडी देताना हलगी फार झकास वाजवायचा. बोलणं मात्र निम्मं हलगीखाली जायचं. सेहेचाळीस सालची दिवाळी उरकली आणि त्यानं गावभर ओरडून सांगितलं, "किस्नेच्या पुलावर आगगाडीच्या शर्ती ठरनार हाईत होऽ! साताऱ्यासनं सायेब येनार हाईत! ज्येला यायचंय त्येनं सोमवारी पुलावर यावं होऽ!"

प्रकार असा होता की सांगलीच्या पेठेत गूळ-हळद नेणाऱ्या एका छोट्या रेल्वे कंपनीला स्वतःचा पूल बांधायचा खर्च नको होता. लोकांच्या रस्त्याच्या पुलावरूनच रूळ न्यायचे होते तिला. ते कोणत्या शर्तींवर नेऊ द्यायचे, हे सरकार ठरवणार होतं. पण आमच्याकडे शर्त म्हणजे बैलगाड्यांची. सरकारचीही काही शर्त असते, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार?

बाकीच्यांनी ही गंमत चार दिवस चघळली. गावातल्या म्हाताऱ्या ज्ञानूनं मात्र ती अगदी खरी धरली. आगगाडी जिंकली तर पूल तिचा, बैल जिंकले तर आपला, असा त्यानं सरळ हिशेब केला. आणि पूल गेला तर त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, पलीकडे जायचं कसं?

पलीकडे त्यांची एकुलती लेक अंजना होती. तिला सासू नव्हती. लढाई संपली तरी नवरा अर्जुना अजून पलटणीतच होता, आणि पदरात तीन महिन्यांची पोर. त्या पोरीला रोज सकाळी न्हाऊ घालायला बनुबाई पुलावरून जायची. गुडघे पार गेलेले. चार पावलं टाकायची, कठड्याला धरून उभी राहायची, पुन्हा चार पावलं. पण पोर तिच्याच पायांवर निवांत न्हायची. दुसऱ्या कुणाचा हात लागला की आकांत करायची. बनुबाईला याचा इतका अभिमान होता, की बाजारात ओळखपाळख नसलेल्या बाईलाही ती हे ऐकवायची.

ज्ञानूची बैलजोडी, पाखऱ्या आणि चांद्या, एकेकाळी शर्तीत नावाजलेली होती. आता दोघंही म्हातारे झाले होते, मालकासारखेच. तरी ज्ञानूनं त्यांना पेंड चारली, गरम पाण्यानं पाय शेकले, संध्याकाळी माळावर पळवलं. बनुबाई स्वतःच्या चहातला गूळ बैलांना घालू लागली.

"आवं, आगगाडीला सांजच्याला धाप लागती का वो?" तिनं एकदा विचारलं.

"लागत आसंल की. धूर का उगा सोडती व्हय?" ज्ञानू म्हणाला. दोघांनाही जरा धीर आला.

सोमवारी पुलाच्या तोंडाशी पिंपळाखाली टेबल मांडलं होतं. साताऱ्याचे अंमलदार गंगाधरपंत चष्मा पुसत बसले होते. शेजारी कंपनीचे व्यवस्थापक कोट घालून उभे. आणि तेवढ्यात घुंगरं वाजवत, शिंगं रंगवलेली जोडी गाडीला जुंपून ज्ञानू आला. मागं बनुबाई, हातात ओवाळायचं ताट घेऊन.

"सायेब, कुठनं पळायचं?" ज्ञानूनं विचारलं. "आन् आगगाडी कुठं हाय?"

काय झालंय ते कळल्यावर जे हसू फुटलं, ते नदीपलीकडे ऐकू गेलं असेल. धुळा तर हलगीवरच आडवा झाला. मला त्या हसण्याचा अजूनही राग आहे. ज्ञानूचं तोंड एवढंसं झालं. गंगाधरपंतांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि शर्त म्हणजे इथं अट, हे त्याला नीट समजावलं. ज्ञानू खाली मान घालून बैल सोडू लागला.

"थांबा," गंगाधरपंत म्हणाले. "अट घालायला तर सगळ्यांना बोलावलंय. तुमची काय अट आहे, ज्ञानोबा?"

ज्ञानूनं बायकोकडे पाहिलं. "म्हातारी पुलावर आसली तर गाडीनं थांबावं. दुसरं काय न्हाई."

"शिट्टी झाली की लोकांनी बाजूला व्हायचं, असं आमचं म्हणणं आहे," व्यवस्थापक म्हणाले. "एकेका म्हातारीसाठी थांबलो तर गाडी सांगलीला पोचायची कधी?"

"मला पळता येत न्हाई वो," बनुबाई हळूच म्हणाली. "आन् पोर वाट बगत आसती."

गंगाधरपंतांनी कागद पुढे ओढला. "पूल लोकांचा आहे. तुम्ही इथं पाहुणे," ते व्यवस्थापकांना म्हणाले. मग त्यांनी टाक बुडवला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "पुलावर माणूस किंवा जनावर असेतोवर गाडीने पुलाच्या तोंडाशी थांबावे. घाई करण्यासाठी शिट्टी वाजवू नये."

रूळ पडले. पहिली गाडी आली त्या सकाळी सगळा गाव पुलाशी लोटला होता. बनुबाई रोजच्यासारखी आधीच पुलावर होती, कठडा धरत धरत मध्यावर पोचलेली. बावटेवाल्यानं तांबडा बावटा धरला आणि इंजिन पुलाच्या तोंडाशी येऊन थांबलं. त्याची धडधड ऐकून बनुबाईनं मागं वळून पाहिलं. आपल्या एकटीपायी एवढी मोठी गाडी खोळंबली, म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कठडा सोडून ती लंगडत घाईघाईनं निघाली.

इंजिनाच्या अगदी शेजारी पाखऱ्या-चांद्याला घेऊन ज्ञानू उभा होता. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन हाक दिली.

"आगं, पळू नगंस! दमानं जा! शर्त आपुन जिकलीया!"

या वेळी कुणी हसलं नाही. बनुबाई थांबली. तिनं कठडा धरला, श्वास घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला. पलीकडच्या टोकाला अंजना पोरीला घेऊन उभी होती. मग चार पावलं, पुन्हा चार पावलं, असं करत आगगाडीला मागं ठेवून बनुबाई नातीला न्हाऊ घालायला गेली.