कडावातली माझी पहिली पंगत

शूऽऽ! कडावच्या घरात माझी पहिली शिट्टी झाली, आणि भर दुपारच्या शांततेत पेंगणारी शेजारची म्हैस दचकून उभीच राहिली.

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. माझी मूठ थोडी जळलेली आहे. नम्रताच्या लग्नात तिच्या आईने मला आहेरात दिले, तेव्हा मी आरशासारखा चमकत होतो. ठाण्याच्या इमारतीत मी सकाळच्या डब्यांच्या घाईत राबलो. पण तिथे घरोघरी कुकर! "अगं बाई, ही शिट्टी आपली की वरच्यांची?" असे नम्रता रोज विचारायची.

मग तिच्या नवऱ्याने, स्वप्नीलने, रसायनीला नोकरी धरली. तो, नम्रता आणि त्यांची पाच वर्षांची लेक सुरभी कडाव गावातल्या कौलारू घरात राहायला आले. मी टेंपोत उशांमध्ये बसून आलो. इथे अंगण, शेवगा, आणि माझी शिट्टी पार बांधापर्यंत जाते! मी खूश होतो. नम्रताला मात्र करमत नव्हते. सगळे दुरून हसत, पण उंबऱ्याच्या आत कोणी आले नव्हते. "इथं आपलं म्हणावं असं एक तरी माणूस हवं," ती स्वप्नीलला म्हणे.

भाताची झोडणी झाली आणि शेजारच्या विमलबाईंनी घरचा नवा तांदूळ पाठवला. नम्रताने हट्टाने त्यांनाच जेवायला बोलावले. तांदूळ मायेने धुतला, ठाण्यात घालायची तसे दुप्पट पाणी घातले, आणि नेहमीइतक्या शिट्ट्या काढल्या. मीही मन लावून शिजवले.

पाने मांडली, झाकण उघडले. आत भात कुठला, गिचका होता!

"मावशी, तुमचा एवढा चांगला तांदूळ मी घालवला," म्हणत नम्रता झाकण परत लावू लागली. आता या उठून जाणार, असे मलाही वाटले.

विमलबाईंनी वाकून पाहिले आणि तोंडाला पदर लावून हसतच सुटल्या. "अगं पोरी, नव्या तांदळाला येवढं पानी? त्याच्या अंगातच वल असते गं! माझ्या सुनेनं पन पहिल्या वर्सी असाच चिखल केलेला. वाढ, वाढ! माझ्या चार दातांची तरी सोय झाली."

मग वर तूप आले, लिंबाचे लोणचे आले. मला तळापर्यंत खरवडले. निघताना विमलबाई म्हणाल्या, "उद्या मी येते. रांधायचं तूच, मी नुसती बसून बोलनार. बोलावनं नाय लागायचं आता."

मला घासताना नम्रता गुणगुणत होती. मित्रांनो, तुमच्या घरच्या कुकरची शिट्टी आणि रिंग अशीच रोज धुवा हं. आम्ही जुनी भांडी तेवढ्यावर खूश असतो.

सुरभी आईच्या पाठीला रेलून उभी होती. "आई, हा नवा तांदूळ पुढच्या वर्षी जुना होणार?"

"होणार की."

"मग त्याला कोण सांगतं, आता तू जुना झालास म्हणून?"