शेजारच्या सीटचा आवाज

ताई गेली, आणि चष्मेवाल्याने दुसऱ्याच आठवड्यात दुकान उघडलं. लोक भेटायला यायचे, काउंटरपाशी अवघडून उभे राहायचे, "रडून घ्या, मोकळं वाटेल," म्हणायचे आणि जाता जाता चष्म्याची दांडी सैल झालीय तीही दाखवायचे. तो दांडी आवळून द्यायचा. रडणं मात्र जमत नव्हतं. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, आणि पुढे नवरा वारल्यावर लेकीला घेऊन त्याच्याकडे राहायला आली. याने लग्नाचं कधी मनावर घेतलं नाही. लेक लग्न करून लांब गेली, ताईच्या किडन्यांनी दगा दिला, आणि मग तिला डायलिसिसला नेणं-आणणं हाच भावाबहिणीचा संसार झाला. तिला गचके बसू नयेत म्हणून त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. गाडी म्हणजे अळीमिळी गुपचिळी. चालू झाली तरी कळायचं नाही. एवढ्या शांततेत ताईच्या मनात नाही नाही ते येईल, म्हणून तो गाडीत बसल्याबसल्या गाणी लावायचा. गाडीतले मूळचे स्पीकर बेताचेच. ताई डोळे मिटून म्हणायची, "किती रे वाजतो हा तुझा डबा!"

"बदलू गं स्पीकर. जरा सवड होऊ दे," तो म्हणायचा.

सवड झाली ती ही अशी.

"मामा, जेवलास का?" भाची रोज फोनवर विचारायची. त्या दिवशीही विचारलं.

"जेवलो. उद्या गाडीचे स्पीकर बदलून घेतोय."

"आता?"

"तुझ्या आईला बदलून हवे होते."

"अरे मामा, हे म्हणजे वरातीमागून घोडं झालं." बोलून गेल्यावर तिचं तिलाच लागलं असावं. "म्हणजे, तसं नाही रे…"

"असू दे. घोडं तर घोडं," तो म्हणाला आणि दिवा मालवून झोपला.

ज्याच्याकडे तो गेला त्याला सगळे कानसेन म्हणायचे. अंगाने आडवातिडवा माणूस. गाडीच्या मागच्या सीटखाली शिरला की अर्धा बाहेरच राहायचा. त्याने आधी चारही दारांवर बोटाच्या पेराने टकटक केली. "ऐकलंत? रिकामं पिंप बोलतंय. दाराला आतून जाड पट्ट्या चिकटवू, पत्रा गप्प करू, मग स्पीकर बसवू. लोकांना आधी कळस हवा असतो, मग पाया."

"तो मोठा बसवा," चष्मेवाला कपाटातल्या एका धिप्पाड स्पीकरकडे बोट दाखवत म्हणाला. त्याला निवडायचं नव्हतं, सांगून मोकळं व्हायचं होतं.

"नाकापेक्षा मोती जड होईल, साहेब. आणि या नारिंगी वायरी दिसतात ना, त्या मोठ्या बॅटरीच्या. त्यांना मी हात लावत नाही. बायकोला अजून मी हवाय, असं तिचं म्हणणं आहे. आपण लहान बॅटरीवर भागेल एवढाच अँप्लिफायर सीटखाली टाकू."

चष्मेवाला स्टुलावर बसून राहिला. घरी जाऊन तरी काय करणार होता? दारांची आतली आवरणं निघाली, काळ्या पट्ट्या चिकटल्या, त्यावरून रूळ फिरला. जुने स्पीकर कानसेनने त्याच्या हातात दिले. वाळक्या पानासारखे हलके. एवढ्याशा कागदातून इतकी वर्षं गाणी येत होती, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यापुढे काहीच आलं नाही.

उन्हं कलती झाली तेव्हा कानसेनने ड्रायव्हरच्या सीटवर डोक्याच्या जागी मायक्रोफोन लावला. स्पीकरमधून नळ सोडल्यासारखा सूं आवाज येऊ लागला. तो बंद करून त्याने विचारलं, "तुमच्या शेजारी कोण बसतं?"

"कशाला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"सांगतो. आवाज ड्रायव्हरसाठी लावला तर तुम्हाला वाटेल, गाणारी अगदी समोर उभी आहे. पण शेजारच्याला ती खिडकीला खेटून गातेय असं वाटणार. दोघांसाठी लावला तर दोघांनाही थोडं थोडं कमी. एकटेच फिरत असाल तर तुमच्यापुरता लावून टाकतो."

शेजारची सीट ताईला लागायची तशी मागे कललेलीच होती.

"दोघांसाठी लावा."

"मिसेस बसतात?"

"बहीण."

"मग बोलवा की त्यांना. समोर बसवून लावू."

"गेली ती."

कानसेनने हातातला टॉर्च उगाचच शर्टाला पुसला. मग मायक्रोफोन काढून शेजारच्या सीटवर नेला आणि खालच्या आवाजात विचारलं, "उंची केवढी होती?"

"माझ्या खांद्याला लागायची."

कानसेनने मायक्रोफोन खाली घेतला. अजून थोडा खाली. "एवढा?"

"हो. एवढाच."

आता तरी काहीतरी होईल म्हणून चष्मेवाला थांबून राहिला. स्टुलावर बसून बसून त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तेवढंच झालं.

डायलिसिसचा वार आला तसा सकाळी, ताईला परत आणायच्या वेळेला, तो गाडी काढून नेहमीच्या रस्त्याला लागला. पुढच्या चौकात लक्षात आलं की आता तिकडे काही काम नाही. पण तोवर वळण घेऊन झालं होतं. हॉस्पिटलच्या फाटकापाशी वकीलबाई काठी टेकून रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. ताईच्या शेजारच्या खाटेवर त्यांचा नंबर असायचा. पहाटेचं डायलिसिस उरकून त्या घरी निघाल्या होत्या. जिभेला धार, हाडं मात्र पिसासारखी.

"चष्मेवाले? तुम्ही इथे काय करताय?"

"चुकून आलो. बसा, सोडतो."

त्या बसल्या. त्याने गाणं लावलं. आवाज खरोखर सुरेख होता; तार कुठे, ठेका कुठे, बोटाने दाखवावं इतका वेगळा. तो वाट पाहत होता, त्या काहीतरी म्हणतील.

"हे बंद करा," वकीलबाई म्हणाल्या.

त्याने बंद केलं.

"राग मानू नका. त्या मशीनवरून उठलं ना, की डोकं नुसतं ठणकतं. कुणी चमचा वाजवला तरी सोसत नाही. तुमच्या ताईंचंही तसंच होतं की."

"ताईला गाणी लागायची गाडीत."

"कुणी सांगितलं? मला म्हणायच्या, डोकं फुटायची वेळ येते, पण माझा भाऊ दिवसभर काचा घासून कंटाळतो, तेवढीच त्याची करमणूक. कशाला मोडता घालू?"

समोर सिग्नल लाल होता. चष्मेवाला स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "मी तिच्यासाठी लावायचो."

"आणि त्या तुमच्यासाठी ऐकायच्या. छान. अक्कल वाटली तेव्हा दोघंही रांगेत नव्हता वाटतं!"

त्याला हसू आलं. आवाज करून हसला तो, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. मागच्याने हॉर्न दिला, तेव्हा कुठे सिग्नल सुटल्याचं कळलं. हसण्यामागून रडूही येईल असं त्याला वाटलं. नाही आलं. पण ते कुठेतरी आहे, दाराशी येऊन परत गेलं, एवढं मात्र समजलं.

वकीलबाई तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. त्यांची इमारत आली तेव्हा त्याने गाडी सावलीला लावली. उठवलं नाही.

बऱ्याच वेळाने त्या खडबडून जाग्या झाल्या. "पोचलो?"

"कधीचेच."

"मग उठवलं का नाही? तुमचं दुकान?"

"दुकान कुठे पळतंय?"

हाताला धरून त्याने त्यांना जिन्यापर्यंत नेलं. पहिल्या पायरीवर त्या दम खायला थांबल्या. "पुढच्या वेळीही चुकून येणार का?"

"येईन."

"गाणी नकोत. बोलायचं असेल तर बोला."

"मला फारसं बोलता येत नाही."

"नका बोलू. मी बोलेन. वकिली उगाच केली का जन्मभर?"

तेव्हापासून ठरलेल्या वारी तो जायला लागला. त्या रस्ताभर कुणाकुणाच्या खटल्यांचं सांगायच्या, मध्येच झोपी जायच्या. स्पीकर बहुधा बंदच असायचे. भाचीने एकदा विचारलं, "मामा, नवे स्पीकर कसे आहेत?"

"चांगले आहेत," तो म्हणाला. जरा थांबून त्याने तिला विचारलं, "तुझ्या आईला नक्की काय आवडायचं गं? सांग ना. मला नीटसं ठाऊक नाही."