म्हाळसाचा वाटा

रविराजला खेळ सांगता यायचा, हे त्याचा वैरीसुद्धा कबूल करील. रांजणगावच्या एका कंपनीत तो कामाला होता तेव्हा मशीन बसवायला पोलंडचा एक साहेब आला होता. त्या साहेबाला जेवणाच्या सुट्टीत पत्ते नको, कॅरम नको, त्याचा आपला भलताच खेळ. चौघांनी बसायचं, एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपण काय करायचं ते आपणच ठरवायचं, ते पार पडतं का नाही ते फासा सांगणार. जाताना साहेब खेळाचं पुस्तक देऊन गेला. सगळं पोलिश! रविराजनं फोनचा कॅमेरा धरून धरून पान अन् पान मराठीत उतरवलं. एका जागी फोननं 'बर्फाची मावशी' असं काहीतरी काढलं होतं, ते त्यानं हात जोडून सोडून दिलं.

पण त्यांच्या राहू गावात बर्फ आणायचा कुठून? मग बर्फाच्या जागी दुष्काळ आला, पोलंडातल्या खेड्याच्या जागी मेंढरांचा तळ आला. आजोबांपर्यंत यांच्या घरी मेंढरंच होती, त्यामुळे ते कुणाला शिकवावं लागलं नाही. लांडगा तिकडेही होता, तो तसाच राहिला. फाशांऐवजी कवड्या टाकायच्या. सांगणाऱ्यानं पुढचं काय काय घडणार ते वहीत लिहायचं, पुढ्यात पुठ्ठा उभा करून वही त्याच्या आड ठेवायची, आणि त्या वहीत कुणी डोकवायचं नाही.

प्रतिभा त्याची थोरली बहीण. दिलेली नदीपल्याड वडगाव रासाईला, तिथंच अंगणवाडीत सेविका. दर रविवारी दुपारी स्कूटीला किक मारून पूल ओलांडायची आणि भावाच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये येऊन बसायची. भाऊ सांगणारा, भावजय सविता, चुलतभाऊ पप्पू आणि ती असे तिघं खेळणारे. नवरा हसायचा, "चाळिशीला आली आन् भातुकली खेळती." हसू दे. घरी ती कुणाची सून, कुणाची आई. इथं मात्र ऐंशी मेंढरांची मालकीण म्हाळसा होती. लांडग्यापुढं काठी घेऊन उभी राहणारी.

आणि एक गोष्ट होती, जी खेळात नव्हती. वडील हौसराव गेल्या वर्षी वारले. भांडगावजवळची त्यांची पाच एकर, त्यातला एक तुकडा हायवेला लागून, आता दोघा भावंडांच्या नावावर लागली होती. आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. भावानं सणाला चोळी-बांगडी करावी, बहिणीनं हक्कसोड पत्रावर सही करावी आणि माहेर जपावं. प्रतिभानं तेराव्यालाच नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "मला रवीकडनं काय नको. त्यानं नुसतं सही कर म्हनावं." पण रविराज वर्षभर त्या विषयावर बोललाच नाही. तिला वाटलं, लाजतोय बिचारा.

या उन्हाळ्यात खेळात मोठा दुष्काळ पडला. म्हाळसाच्या भावाची, म्हणजे पप्पू जो व्हायचा त्या भिमाची, मेंढरं पटापट मेली. रविराजनं असं काही सांगितलं, असं सांगितलं, की प्रतिभाचे डोळे गळायला लागले. "म्हाळसा आपला वाटा भावाला दील का?" त्यानं विचारलं. "दिला," ती म्हणाली. कवड्यांना हातसुद्धा लावला नाही. तळावर तिचं कौतुकच कौतुक झालं. पुढच्या रविवारी सविता नकुशी झाली, भावाकडं वाटा मागणारी. तळ हलायची वेळ आली तेव्हा नकुशीसाठी थांबायचं का, यावर बोलणं निघालं. प्रतिभाच म्हणाली, "चला म्होरं. तिच्यापायी खोळंबायचं न्हाई." सविता हमसून हमसून रडली. त्या दिवशी प्रतिभा घरी गेली ती भरल्या मनानं.

नंतरच्या रविवारी ती लवकर पोचली. रविराज बाहेर गुळाच्या काहिलीपाशी होता, शेडमध्ये कुणी नव्हतं. पुठ्ठ्याआड वही. म्हाळसा उन्हाळा काढते का मरते, एवढंच तिला बघायचं होतं. चूक म्हणा, अधाशीपणा म्हणा, तिनं पान उलटलं.

म्हाळसाचं नाव पहिल्या पानावरच संपलं होतं. पुढं सगळीकडं आक्का, रवी तिला हाक मारायचा तशी. 'भिमाची मेंढरं मेली तवा आक्का रडली. वाटा लगेच दिला. पप्पूनं कौतुक करायचं, त्याला सांगितलं आहे.' खाली, 'सविता नकुशी. आक्का स्वतःहून म्हणाली, तिला सोडून चला. आता तयार वाटते.' आणि शेवटी, पेनानं दोनदा गिरवलेलं, 'सोमवार, दौंड, वकील, अकरा वाजता.'

सख्ख्या भावानं केसानं गळा कापला होता, आणि तिनं तो हौसेनं पुढं केला होता.

रविराज हात पुसत आला, वही तिच्या मांडीवर बघून थबकला. मागून पप्पू आणि सविता.

"आक्का, अगं वाईट नको वाटून घेऊ. मला तोंडानं इचारायचा धीर व्हईना. तू न्हाई म्हनली असतीस तर?"

"तू इचारलं असतंस तर मी न्हाई म्हनले नसते, रवी. तेराव्यालाच ठरवलं व्हतं मी."

रविराजचा चेहरा उजळला. गड्याला अजून काही कळलंच नव्हतं. "मग झालं की. उद्या अकराला जाऊन यिऊ."

"आता न्हाई."

"म्हंजी? तेवढ्यापायी जमिनीत वाटा मागनार तू?"

"माझा हाय तो. मागायचा कशाला?"

"आगं, खेळ व्हता तो."

"तुमा तिघांचा व्हता. मला कुनी सांगितलंच न्हाई."

पप्पू बाहेर उसाच्या चिपाडाच्या ढिगाकडं बघत राहिला.

"वन्सं, च्या टाकलाय," सविता हळूच म्हणाली, "पिऊन तरी जावा."

प्रतिभानं वही पुठ्ठ्यामागं जिथल्या तिथं ठेवली आणि भावजयीकडं वळली. एवढं एकच तिला विचारायचं होतं. तेवढं जरी खरं निघालं असतं तरी ती चहाला बसली असती.

"नकुशीला सोडून तळ हलला तवा तू रडलीस, सविता. ते तरी तुझं व्हतं का?"

सवितानं नवऱ्याकडं बघितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली मान घालून म्हणाली, "त्येंनी सांगितलं व्हतं रडायला."

प्रतिभानं चपला घातल्या. पप्पू दारात होता, तो बाजूला झाला.