दोन विटांची जागा

आरमोरीच्या बाहेर, धानाच्या बांध्या संपतात तिथे घरकुलांची वस्ती आहे. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. इथे ते सरकारनंच बांधून पाहिलं, आणि बांधणाऱ्या ठेकेदाराला काही त्यात राहायचं नव्हतं. वीस घरांची एक रांग आणि तिच्या पाठीला पाठ लावून दुसरी वीस. मधे बोळ नाही. त्यामुळे ज्याची भिंत आपल्या चुलीला लागून, त्याचं दार मात्र पलीकडच्या गल्लीत. त्याला वाटीभर भाजी द्यायची तर अख्ख्या रांगेला वळसा घालावा लागे.

गिरजाबाईचं घर बारा नंबरचं. पाठीमागे बत्तीस नंबरात जलालुद्दीन शिंपी आणि त्याची बायको खैरुन. गिरजाबाईनं सारा जन्म राइस मिलच्या कुंपणाला टेकलेल्या झोपडीत काढला होता. साठीला आली तेव्हा कुठे तिच्या नावानं घराचा कागद निघाला. तो तिनं बुद्धाच्या तसबिरीमागे जपून ठेवला होता. मुलगा राजदीप माजरीला खाणीवर कामाला होता. तिथे एका खोलीत चार माणसं निजत, तरी दर खेपेला तो आईला चल म्हणे. ती जात नसे. आपल्या नावाच्या दाराला आपण कडी लावायची, हे सुख तिला फार उशिरा मिळालं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात ती तापानं दोन दिवस पडून राहिली. दार आतून बंद. गल्लीला वाटलं, बाई मुलाकडे गेली. पलीकडे भाकरी थापता थापता खैरुनला भिंतीतून कण्हणं ऐकू आलं, तेव्हा जलालुद्दीन धावत वळसा घालून आला आणि त्यानं कडी तोडली. बाई उठून बसल्यावर त्यानं कोणाला न विचारता छिन्नी घेतली आणि दोन चुलींच्या मधल्या भिंतीतून दोन विटा काढल्या. खिडकी म्हणावी एवढं काही ते मोठं नव्हतं. हात जाईल, वाटी जाईल, आणि अर्थात गप्पा जातील.

पाच वर्षं सगळं तिथूनच चाललं. विस्तव, मीठ, अंबाडीची भाजी, ईदचा शिरखुर्मा. गिरजाबाईला म्हातारपणी झोप कमी. रमजानात पहाटे सेहरीच्या वेळी ती पळीनं भिंत वाजवी आणि पलीकडचं घर उठे. जलालुद्दीनच्या घरचं गजराचं घड्याळ कधी बंद पडलं, ते त्यालाही कळलं नाही.

मग २००४ साली सर्वे निघाला. वस्तीतला देवराव एकदा पंचायत समितीत जाऊन आला होता आणि तेव्हापासून सरकारच्या वतीनं बोलत असे. बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायांना त्यानं सांगितलं, की घराघरात येऊन पाहणार आहेत. ज्यानं सरकारी भिंतीला हात लावला, त्याचं घरकुल कटणार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. गिरजाबाईनं दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही. तिनं खैरुनला सांगितलं आणि खैरुन म्हणाली, भेव वाटते तं बुजवून टाक. जलालुद्दीननं दोन विटा चिखलात बसवल्या. आपल्या बाजूनं गिरजाबाईनं गिलावा केला, चुना मारला. तेवढाच तुकडा पांढरा दिसायला लागला, म्हणून तिनं अख्खी भिंत पांढरी केली. चोरी लपवायला चोरानं घराला रंग द्यावा, तसं झालं.

चार दिवस ती एकटी जेवली. एकदा भाजी घेऊन वळशानं निघाली, पण गुडघे दुखायला लागले, आणि ती अर्ध्या वाटेतून परतली. संध्याकाळी सवयीनं भिंतीशी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला फार वाईट वाटलं. पण कागद तसबिरीमागे आहे, असं ती स्वतःला सांगत राहिली.

पाचव्या दिवशी सर्वेवाले आले. म्हणजे शाळेतले लटारू गुरुजीच. माणसं मोजा, कोंबड्या मोजा, लसी द्या, सरकारचं कुठलंही काम निघालं की गुरुजींच्या गळ्यात. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद काढला. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन: समाधानी, बऱ्यापैकी, असमाधानी.

छप्पर? समाधानी, गिरजाबाई म्हणाली. कोपऱ्यात दोन रिकामे गंज आणि एक घमेलं ओळीनं मांडलेलं होतं. ते कशाला, हे आषाढात कोणीही सांगितलं असतं. संडास? समाधानी. संडासात तिचं सरपण होतं. पाणी? समाधानी. घरात काही मोडतोड? नाई. गुरुजी खुणा करत गेले. रांगेतल्या आधीच्या अकराही घरांनी हेच सांगितलं होतं, आणि एवढं सुखी गाव त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं.

मग शेजाराचा प्रश्न आला. अडीनडीला धावून येणारं सगळ्यात जवळचं घर कोणतं?

"बत्तीस नंबर. खैरुन."

गुरुजींनी वस्तीचा नकाशा पाहिला, रांगेवरून बोट फिरवलं आणि अंतर लिहिलं: अर्धा फर्लांग. मग स्वतःशीच पुटपुटत त्यांनी शेजारापुढच्या तिसऱ्या चौकोनाकडे पेन नेलं. अर्ध्या फर्लांगावरचा शेजार कसला कामाचा.

"ते काऊन लिवून राह्यले, गुरुजी?" गिरजाबाईनं विचारलं.

रस्त्यानं मोजायचं असतं, ते म्हणाले, नियम आहे.

छपरापायी ती खोटं बोलली होती, पाण्यापायी बोलली होती; त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पण खैरुन दूर राहते हे सरकारच्या कागदावर जाणार, हे तिला सोसवेना. ती उठली, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि पांढऱ्या भिंतीवर घातला. दुसऱ्या घावाला गिलावा पडला, तिसऱ्याला एक वीट पलीकडे गेली.

पलीकडून गिलावाच केलेला नव्हता. तिथे फक्त एक जुनं कॅलेंडर टांगलं होतं. ते बाजूला झालं आणि खैरुनचं तोंड दिसलं.

"चार दिस झाले," ती म्हणाली. "कोनती भाजी केली, काई समजलं नाई मले."

गिरजाबाई रडायलाच लागली. मग वरवंटा हातात तसाच धरून गुरुजींकडे वळली. "कटते तं कटू द्या घर. अंतर एक हात लिवा."

गुरुजी वरवंट्याकडे बघत होते. कशाचं घर आणि कोण कापणार, हे त्यांना आधी समजेना. समजल्यावर त्यांनी चष्मा काढला. कटायचं या कागदात कुठंच नाही, ते म्हणाले. मोडतोड विचारतात ती दुरुस्ती करायला. काय गळतं, काय मोडलं, हे लिहिलं तरच वस्तीला काही मिळणार.

रांगेतली अकरा घरं समाधानी लिहून झाली होती.

गुरुजींनी अर्धा फर्लांग खोडून एक हात लिहिलं. मग पानं उलटून ते पहिल्या प्रश्नावर आले. छप्पर?

पाच दिवसांची भीती एकदम कशी जाणार? गिरजाबाईनं तसबिरीकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं.

"गयते, गुरुजी," भोकातून खैरुन म्हणाली. "पाच वर्सं झाले, तिच्या घरचं घमेलं वाजते अन् मले झोप नाई येत. लिवा."