टिकलीचा खाऊ

सिद्रामप्पांनी फरशीवरच्या घाणीवर बंबातली पसाभर राख टाकली, वर जुनं पोतं दाबलं आणि कोपऱ्यातल्या बादलीकडं पाहिलं. बादली अर्धी होती. टँकर उद्या आला तर आला. त्यांनी आणखी थोडी राख घेऊन फरशी कोरडीच पुसली आणि दाराशी मान खाली घालून बसलेल्या टिकलीला म्हणाले,

"झालं समाधान? अगं, एकच बिस्कीट दिलं होतं ना तुला?"

टिकलीनं शेपूट जमिनीवर घासलं. अंगानं काळी, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून बायकोनं, जगदेवीनं, हे नाव ठेवलेलं. गावातली बाकीची कुत्री उकिरड्यावरचं वाट्टेल ते खाऊन पहिलवानासारखी हिंडतात, आणि हिच्या वाट्याला पोट आलं ते नबाबाचं. कुत्र्याला खीर पचत नाही म्हणतात. हिला साधं ताक पचत नव्हतं. जगदेवी मऊ भात शिजवून, फुंकर घालून भरवायची. मागच्या पौषात जगदेवी गेली आणि उदगीरच्या त्या घरात सिद्रामप्पा आणि टिकली दोघंच उरले. पोरगा बेंगळुरात. रविवारी त्याचा फोन यायचा, "अप्पा, पाणी मिळतंय ना?" मिळतंय म्हटलं की बोलणं संपायचं.

आता खाऊची एवढी उठाठेव कशासाठी, तर टँकरसाठी. तिकडं लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, इकडं गल्लीत टँकर. बायाबापड्या घागरी घेऊन धावायच्या, आणि टिकली सगळ्यांच्या आधी. घरात तिची वाटी भरलेली असली तरी टँकरच्या मागच्या नळीतून ठिबकणारं पाणी म्हणजे तिला अमृत. चाकाखाली शिरायची आणि चाटत बसायची. मागच्या गल्लीतलं एक पिवळं कुत्रं असंच चाटता चाटता चाकाखाली गेलं. सिद्रामप्पांनी ते पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. टिकलीला बांधून पाहिलं, तर तिनं दोर कुरतडला, गळा सोलून घेतला. मग एकच उपाय राहिला. हाक मारली की आली पाहिजे. आणि येण्याची गोडी लागायची, तर आल्यावर तोंडात काहीतरी पडलं पाहिजे.

म्हणून खाऊची निवड सुरू झाली. आयुष्यभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत केलेला माणूस, ज्वारीचा दाणा दाताखाली धरून प्रत सांगणारा. पण कुत्रीच्या पसंतीपुढं त्यांनी हात टेकले. फुटाण्यांनी तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. उकडलेला भोपळा तिनं तोंडात घेतला आणि अदबीनं त्यांच्या पायाशी ठेवला. गाजराशी खेळली. ज्वारीच्या लाह्या हुंगून शिंकली. पनीर मात्र आवडीनं खाल्लं, आणि त्या पनीरनं घरातली सगळी राख संपवली. शेवटी तिला रिक्षात घालून ते जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर अण्णाराव मोंढ्यापासूनच्या ओळखीचे. त्यांनी टिकलीचं पोट दाबून पाहिलं.

"अप्पा, हिला मुर्गी द्या. नुसती उकडलेली, मीठ-मसाला काही न्हाई. नखाएवढा तुकडा. पोटाला हलकी, आणि त्यापायी ती उदगीरहून देगलूरला पळत जाईल."

"डॉक्टर, आम्ही लिंगायत हाव."

"ती न्हाई ना."

सिद्रामप्पा हसले नाहीत. घरी येऊन कितीतरी वेळ ते ओसरीवर आपले हात बघत बसले. डाव्या तळहातावर रोज सकाळी इष्टलिंग घेऊन पूजा करायची. उजव्या हातानं जेवायचं. आता मुर्गीचा तुकडा धरायचा कोणत्या हातात? सत्तरी गाठली, पण असलं कोडं त्यांना कुणी घातलं नव्हतं. जगदेवी असती तर तिनं चटकन काहीतरी तोडगा काढला असता, असं त्यांना वाटलं, आणि ती नाही याचा त्यांना रागच आला.

समोरच्या घरात अमीरबी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक बिलकीस देगलूरला दिलेली. साड्यांना फॉल लावून पोट भरायची. जगदेवीचं आणि तिचं दारातून दारात बोलणं असायचं. सिद्रामप्पांचं मात्र "काय अमीरबी" आणि "हाव अप्पा" यापलीकडं कधी गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते गल्ली ओलांडून तिच्या ओट्याखाली जाऊन उभे राहिले. सांगायला बराच वेळ लागला. अमीरबी सुई हातात धरून ऐकत राहिली.

"एवढंच ना अप्पा? माझ्या घरात शिजतेच. बिनमिठाची बाजूला काढते. डबीत घालून देऊ का?"

"डबी नको."

"मंग चिमट्यानं द्या. नवा चिमटा देते."

सिद्रामप्पांनी मान हलवली. "हाक मी मारतो. तुकडा तुम्ही द्या."

अमीरबी त्यांच्या तोंडाकडं पाहून काहीतरी म्हणणार होती. पण जगदेवीच्या नवऱ्याला तोंडावर काय बोलायचं, म्हणून तिनं सुई पुन्हा साडीच्या फॉलात खुपसली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. सिद्रामप्पा आपल्या दारातून म्हणायचे, "टिकली, ये." समोर अमीरबी चिमटीत तुकडा धरून, "आ गे टिकली, आ." टिकली हुशार निघाली. पोटही तिचं शहाण्यासारखं वागू लागलं, फरशी कोरडी राहू लागली. गल्लीच्या टोकाला असली तरी अमीरबीच्या एका हाकेत बाणासारखी यायची. टँकर आला की अमीरबी ओट्यावर उभी राहायची, आणि टिकली चाक सोडून तिच्या पायाशी. पाण्याच्या रांगेतले लोक चेष्टा करायचे.

"अप्पा, तुमची कुत्री तर पार पलीकडची झाली की."

"उदगीर जिल्हा झाला की वेगळा अर्ज करा, कुत्री परत मिळावी म्हणून," असं गल्लीतला भुजंग शेटे म्हणाला, आणि घागरींच्या रांगेत हशा पिकला. जिल्ह्याची बोलणी वर्षानुवर्षं चालली होती. आधी नळाला पाणी येऊ दे, मग जिल्हा बघू, असं म्हणून सिद्रामप्पांनीही हसून घेतलं.

पण घरी आल्यावर हसू टिकत नव्हतं. आता ते "ये" म्हणाले की टिकली त्यांच्याकडं पाहायची आणि समोरच्या ओट्याकडं धावायची. त्यांची हाक म्हणजे तिच्या लेखी शाळेची घंटा; शिकवणारे गुरुजी दुसरेच. दुपारची ती अमीरबीच्या उंबऱ्याशी पडून राहायची. भात कालवून ठेवला तर येऊन खायची आणि तोंड पुसल्यासारखी परत जायची. सिद्रामप्पांना वाईट वाटत होतं. एका कुत्रीवरून आपल्याला एवढं वाईट वाटावं याचीही लाज वाटत होती. जीव वाचला म्हणजे झालं, असं ते स्वतःला सांगायचे. जगदेवीच्या फोटोला सांगायचे. घरात ऐकायला दुसरं कोण होतं.

मग एका मंगळवारी बिलकीसचा निरोप आला आणि अमीरबी पहाटेच्या गाडीनं देगलूरला गेली. दाराला कुलूप लागलं. आणि टँकर नेमका त्याच दिवशी, भर दुपारी आला.

गल्लीत एकच गलका झाला. सिद्रामप्पा घागर घेऊन बाहेर आले तोवर टिकली मागच्या चाकाशी पोचली होती. नळीतून पाण्याची धार चाकाआड गळत होती, आणि ती धारेखाली मान वाकडी करून चाटत होती. घागरी भरून झाल्या. ड्रायव्हर वर चढला.

"टिकली, ये."

तिनं कान उचलला. मान वळवून अमीरबीच्या ओट्याकडं पाहिलं. दार बंद होतं. ती पुन्हा चाटू लागली.

"ये, टिकली. टिकली, ये गं."

इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरला मारलेल्या हाका त्या आवाजात कुठल्या कुठं विरल्या. रांगेतल्या बाया आपापल्या घागरी सांभाळत मागं सरल्या. सिद्रामप्पांच्या हातातली भरलेली घागर खाली पडली, ती त्यांना कळलीही नाही. ते गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि छातीतला सगळा जोर लावून ओरडले,

"आ गे टिकली, आ! आ गे, आ!"

मोंढ्यात ज्यांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता ते सिद्रामप्पा, अमीरबीच्या बोलीत, तिच्याच सुरात. बाया वळून पाहू लागल्या. टिकली चाकाखालून निसटून बाहेर आली, आणि टँकर हलला.

ती धावत आली ती सरळ त्यांच्याकडं. पुढ्यात बसली, वर पाहिलं. मग त्यांचा उजवा हात हुंगला, डावा हुंगला. दोन्ही हात रिकामे होते. टिकलीनं थोडी वाट पाहिली. मग उठून समोर गेली आणि कुलूप लावलेल्या दाराशी जाऊन बसली.

घागर तशीच आडवी पडली होती. सिद्रामप्पांनी ती उचलली नाही. ते गल्ली ओलांडून गेले आणि अमीरबीच्या ओट्यावर टिकलीच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत त्या ओट्यावर ते पहिल्यांदाच टेकले होते. जाणारे-येणारे बघत होते. एकानं विचारलंही, अप्पा, किल्ली हरवली का? सिद्रामप्पा टिकलीची पाठ खाजवत राहिले. ऊन कलेपर्यंत दोघं तिथंच बसून होते.

दिवस मावळायच्या सुमाराला अमीरबी पिशवी सावरत गल्लीत शिरली. त्या दोघांना दारात बघून तिचे पाय थबकले.

"काय झालं अप्पा? टिकली बरी हाय ना?"

"बरी हाय." सिद्रामप्पा उठले. "उद्यापासून तुकडा माझ्याकडं द्या. हाक बी मीच मारतो, तुकडा बी मीच देतो."

अमीरबीनं कुलूप काढलं. आत पाऊल टाकता टाकता मागं वळून न पाहताच म्हणाली, "चिमटा देते मंग."

"न्हाई. हातानं देतो."

ती वळली. त्यांच्या हाताकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं.

"अप्पा, दर खेपेला हात धुवावा लागंल तुमाला. असल्या दिवसांत पानी कुठून आणणार?"

"हाय की पानी," सिद्रामप्पा म्हणाले. "एकट्या माणसाला असं किती लागतंय."