हवेतले खड्डे

निलेशने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला आणि तसाच मागे घेतला. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची काच आधीच काढलेली होती. ती कपाटाला टेकून उभी होती, आणि तिच्यावरची निळसर फिल्म अजून तशीच होती. कॅबिनेटच्या उघड्या बाजूसमोर, स्टुलावर, जुना टेबल फॅन ठेवला होता.

"सर पंखा कायम इथंच ठेवायचे का, ताई?"

"हो. सिल्वासाच्या उन्हाळ्यावर इलाज, म्हणायचे."

भक्तीने स्विच दाबला. पंखा एकदा अडखळला आणि घरघरू लागला. हा आवाज तिला पुण्यात बसून पाठ झाला होता. दोन वर्षं रोज दुपारी बाबांच्या बोलण्यामागे तो असायचा. शेवटच्या फोनवरही होता.

"बाबा, तो पंखा आधी बंद करा. काही ऐकू येत नाहीये."

"बंद केला तर विमान पडेल माझं," बाबा म्हणाले होते. तिला मीटिंगला जायचं होतं. नंतर करते म्हणून तिने फोन ठेवला होता.

निलेश मॉनिटरसमोर बसला. पूर्वी तो मसाटच्या प्लास्टिक फिल्मच्या प्लांटमध्ये बाबांच्या हाताखाली होता. आता सामरवरणीत लग्नाचे व्हिडिओ करून द्यायचा त्याचा स्टुडिओ होता. महिनाअखेरीला आई पुण्याला येणार होती आणि हे घर रिकामं करायचं होतं. कॉम्प्युटर घेशील का, असं आईनेच त्याला विचारलं होतं.

"प्रोसेसर सोळा कोरचा ना? मग एडिटिंगला कडक आहे. आणि रविवारी आपला गेम पन होऊन जाईल." तो हसला. "पन टेस्ट लावल्याबिगर नाही घेणार हां, ताई. सरांनीच शिकवलंय, सॅम्पल तपासल्याशिवाय रोल उचलायचा नाही."

"लाव ना. माझंही तेच म्हणणं आहे."

तिला खरंच पाहायचं होतं. हा प्रोसेसर तिने निवडला होता. बाबा निवृत्त झाले तेव्हा महिनाभर ती रोज वाचत होती. डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंग करायला कोणता बरा, विमानाच्या गेमला कोणता, दोन्हीला मिळून कोणता. शेवटी सगळ्यात वरचा घेतला. कसा चालतोय असं विचारलं की बाबांचं एकच उत्तर असायचं. "पळतोय नुसता!"

निलेशने सोळाही कोर एकदम कामाला जुंपणारी टेस्ट सुरू केली. पडद्यावर लहान चौकोन भरू लागले. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा पन्नासवर होता. तो बघता बघता पंच्याण्णववर गेला आणि तिथेच अडकला. चौकोन भरायचा वेग मंदावला.

निकाल आला तेव्हा निलेश पडद्याजवळ वाकला. त्याने मोबाइल काढून काहीतरी शोधलं आणि टेस्ट पुन्हा लावली. निकालाचा आकडा आणखी थोडा खाली आला.

"स्कोर अडतीस हजाराच्या आसपास यायला पाहिजे. इथं एकवीस येतायत." तो मान खाजवत म्हणाला. "पीसच कमजोर लागला वाटतं, ताई. होतं असं एखाद्या वेळेस."

भक्तीने खुर्चीची पाठ धरली.

"पण बाबा तर म्हणायचे..."

"अडायचं ते," दारातून आवाज आला. आई निवडायला घेतलेली मेथी तशीच हातात धरून उभी होती. "रांध्याच्या त्या शेटचं ड्रॉइंग होतं ना, त्याला पाऊण पाऊण तास लागायचा. हे बापडे पंख्याचं तोंड इकडे कर, तिकडे कर, करत बसायचे. मी म्हटलं, भक्तीला विचारा की. तर म्हणाले, पोरीने एवढा अभ्यास करून घेतलाय, तिला कशाला सांगायचं?"

"आणि तू पण नाही सांगितलंस."

"मला शपथ घातली होती," आई म्हणाली आणि आत गेली.

निलेशने घसा खाकरला. "गेम बघू एकदा. सरांचा विमानाचाच लावतो."

बाबांनी जिथे सोडलं होतं तिथूनच उड्डाण सुरू झालं. दमणच्या धावपट्टीवरून लहानसं विमान वर उठलं आणि पूर्वेकडे वळलं. खाली दमणगंगा होती. विमान नदीवर आलं, तसं चित्र थबकलं. मग एकदम पुढे गेलं, पुन्हा थबकलं. क्षितिज धक्के खात होतं.

भक्ती पडद्याच्या अगदी जवळ आली.

आज मधुबन धरणापर्यंत गेलो होतो, बाबा सांगायचे. पण हवेत काय खड्डे होते, विचारू नकोस! आणि ती गमतीने म्हणायची, मग आज वाऱ्यापावसाची सेटिंग कमी करून ठेवा ना, बाबा. ते म्हणायचे, खड्ड्यांशिवाय काय मजा?

तिने पंख्याकडे पाहिलं. तो जीव तोडून फिरत होता.

"निलेश, तो प्रोसेसरवरचा कूलर काढून बघ."

"कूलर? कोनी बसवलेला?"

"बाबांनी. दोन दिवस लागले होते. मला फोटो पाठवले होते, हा बघ माझा पहिला कॉम्प्युटर असेंब्ली प्लांट म्हणून."

निलेशने कॉम्प्युटर बंद केला, चार स्क्रू सैल केले आणि कूलरचं धूड हलकेच उचलून उलटं केलं. तळाला उष्णता वाहून नेणारी करडी पेस्ट पसरलेली होती. तो ती पुसायला गेला आणि थांबला. मग नखाने एक कोपरा खरवडला.

कोपरा उचलला गेला. त्याखाली तांबं लख्ख चमकलं.

"ताई."

त्याच्या चिमटीत पारदर्शक फिल्मचा चौकोन होता. कडेला बारीक लाल अक्षरं होती. बसवण्यापूर्वी काढा.

निलेशला हसू फुटलं. ते त्याने तोंडावर हात ठेवून दाबलं, पण डोळ्यांतून पाणी आलंच. "फिल्म! आमच्या सरांच्या हातून फिल्म राहिली! म्हणून गरम होऊन अडत होतं! प्लांटमध्ये कोनी असं केलं असतं ना, तर दिवसभर उभं केलं असतं त्यांनी."

भक्तीने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. फ्रिजच्या हँडलवर फिल्म होती. मायक्रोवेव्हच्या बटणांवर होती. टीव्हीच्या रिमोटवरची पिवळी पडली होती, पण होती. जन्मभर फिल्म बनवणारा हा माणूस घरात कुणाला ती काढू द्यायचा नाही. फिल्म निघाली की वस्तू जुनी व्हायला लागते, हा त्यांचा हिशोब. लहानपणी नव्या कंपासपेटीवरची तिने फाडली होती, तर दोन दिवस बोलले नव्हते.

"इकडे दे," ती म्हणाली.

फिल्मवरच्या पेस्टमध्ये एका कडेला बाबांचा अंगठा उमटला होता. तिने ती टेबलावर नीट ठेवली, आणि पंख्याच्या वाऱ्याने उडेल म्हणून पंखा बंद केला. खोलीत अचानक सगळं ऐकू येऊ लागलं. खालच्या रस्त्यावरची रिक्षा, आतली कुकरची शिट्टी.

निलेशने तांबं पुसलं, नवी पेस्ट लावली, कूलर बसवला. टेस्ट पुन्हा लावली. चौकोन सरसर भरत गेले. तापमान अठ्ठ्याहत्तरवर आलं आणि पुढे हललं नाही.

"अडतीस हजार चारशे," तो हळू आवाजात म्हणाला. "पीस एक नंबर आहे, ताई. तुमचं सिलेक्शन बरोबर होतं."

भक्तीने मान हलवली. ओढणीच्या टोकाने ती बोटाला लागलेली पेस्ट पुसत राहिली. ती जात नव्हती.

मग निलेशने विमान पुन्हा उडवलं. दमण मागे पडलं, नदी आली. या वेळी नदी नुसती वाहत खालून गेली. वाकणं, पूल, रांध्याची शेतं, आणि पुढे धरणाचं लांबच लांब पाणी, त्यावर विमानाची सावली. कुठे एक धक्का नाही. कॅबिनेटचा आवाजही येत नव्हता.

आई चहाचे कप घेऊन आली. फिल्मचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे बघत तिथेच उभी राहिली.

"आज हवा चांगली आहे," ती म्हणाली.

निलेशने चहा संपवला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"ताई, याचं खोकं असेल ना? गाडी खाली उभी आहे. बंद करतो मग."

त्याचा हात माउसकडे गेला. भक्तीने बाबांची खुर्ची आईसाठी पुढे ओढली.

"आधी विमान उतरू दे," ती म्हणाली.